आता चित्रच बोलतं

दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला काढला होता, हे मी आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढं मला मोकळेपणी रागावता येईल. नाहीतर लोक म्हणतात, म्हाताऱ्याला जुनं तेवढं सोनं वाटतं. मला जुनं सोनं वाटत नाही. पहिल्या भागात यंत्र मधेच अडकायचं, चित्र थरथरायचं, एकदा तर पडद्याला आग लागता लागता राहिली. दुसरा भाग स्वच्छ होता, त्यात आवाज होता, आणि त्यानं माझ्या बहिणीचं वाटोळं केलं. एकट्या सिनेमानं केलं असं म्हणत नाही. माझाही त्यात हात आहे, ते येईलच पुढं.

तेव्हा भोरला संस्थान होतं. जत्रेच्या दिवसांत नीरेच्या काठच्या मोकळ्या रानात तंबूचा सिनेमा यायचा. किकवीकडची माणसं बैलगाड्या जुंपून यायची, हिर्डोशीची आणि वेल्ह्याच्या डोंगरातली चालत यायची. मी मूळचा वेल्ह्याकडचाच. भोरात शिंप्याचं दुकान चालवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. श्रावणात देवळात पोथी वाचायचो, तो आवाज तंबूच्या मालकाच्या कानावर गेला आणि त्यानं मला बोलावून घेतलं. सिनेमा मुका होता. पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन उभं राहायचं आणि चाललेली गोष्ट लोकांना सांगायची, हे माझं काम. दिवसा शिलाई मशीन, दिवेलागणीनंतर छडी.

पहिल्या भागाची गोष्ट काडीएवढी होती. एका घराच्या अंगणात रोज सकाळी ओल्या पावलांचे ठसे दिसतात. विहिरीपासून निघतात आणि दारापर्यंत येतात, टाचा पुढं आणि बोटं मागं. घरातली माणसं एकेक करून घर सोडतात. ती बाई मात्र शेवटपर्यंत दिसत नाही. एकदा केस दिसतात, एकदा विहिरीच्या कठड्यावर हात दिसतो, बस्स. शेवटी घर रिकामं होतं, आणि ठसे दारातून माघारी फिरून सरळ आपल्याकडं, बघणाऱ्यांकडं यायला लागतात. तिथं चित्र संपतं.

पहिल्या दिवशी मी भरमसाट बडबडलो. "पाहा हो, कशी आली चांडाळीण" वगैरे. लोक खुदुखुदु हसले. दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून ठसे आले तेव्हा गप्प राहिलो. तंबूत कुणी खोकेना. बाया पोरांची तोंडं पदरात घ्यायला लागल्या. तेव्हापासून मी ठशांच्या वेळी तोंडच उघडलं नाही, आणि तिला नावही दिलं नाही. नुसतं "ती" म्हणायचो. खेळ सुटल्यावर एका म्हाताऱ्या धनगरानं मला अडवून विचारलं, "कोन हाय म्हनायची ही? हडळ, का आसरा?"

मी म्हणालो, "तुमी सांगा, बाबा."

तो हसला नाही. घोंगडं सावरून चालता झाला, आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन पुन्हा आला. प्रत्येकानं आपापल्या गावचं भूत त्या पावलांत घातलं होतं. कुणा एका बाईकडं बोट दाखवता येत नव्हतं. माझ्या मते भुताच्या चित्राला एवढं पुरेसं आहे.

आसरा म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणाला समजावावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या पाण्यातल्या सात बहिणी. डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड असतात, तिथं त्यांची ओटी भरतात. भर दुपारी तिकडं फिरकू नये, आणि बाळंतिणीनं तर बारा दिवस त्या बाजूला बघूही नये. आसरा ओल्या केसांनी येतात आणि कुशीतलं पोर ओढून नेतात, असा समज.

माझी थोरली बहीण हा खेळ पाहायला आली होती. अक्काला हिर्डोशीला दिलं होतं. नवरा तापानं गेला, सासरी तिचं काही उरलं नाही, म्हणून ती माझ्याकडं राहायला आली. माझ्या जिवावर बसून खायची बाई नव्हती. हिर्डोशीच्या सासूकडून ती सुईणपण शिकलेली होती, आणि दोन-तीन वर्षांत तिचा हात इतका नावाजला की आडलेल्या बाईसाठी लांबून गाड्या यायच्या. रस्त्यानं निघाली की धावत येऊन पोरं पायाला मिठी मारायची आणि ती त्यांना त्यांच्याच जन्माच्या गमती सांगायची. त्या कामापायी तिला गावात मान होता, आणि ते तिलाही ठाऊक होतं. मी कधी चिडवलं की, "अर्ध्या भोराची आई झालीस की गं," तर म्हणायची, "व्हय, आन् तुजीबी. गप जेव."

पहिला भाग पाहून घरी येताना ती पदर घट्ट लपेटून चालत होती. मला वाटलं, भ्याली. तर म्हणाली, "तिचं पाय लई गार पडलं असतील रं."

दोनेक वर्षांनी तोच मालक दुसरा भाग घेऊन आला. या वेळी तंबूमागं धडधडणारं इंजिन होतं आणि बाहेर मोठी पाटी: पावलांची बाई आता बोलणार. मी छडी घेऊन हजर झालो. छडीला नवी रेशमी दोरी बांधली होती, हे सांगायलाही आता लाज वाटते. मालक खुर्चीत बसून पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तर, आता तुमची गरज नाही. आता चित्रच बोलतं." आणि मेहेरबानी केल्यासारखं पुढच्या बाकावर मला फुकट बसवलं. मी बसलो. निघून यायला हवं होतं, पण बसलो, कारण चित्र फसावं अशी माझी मनापासून इच्छा होती आणि ते फसताना मला डोळ्यांनी बघायचं होतं.

ते फसलं नाही. सुरुवातीचा अर्धा तास तर मीसुद्धा खिळून बसलो. ती बाई दिसली, आणि रात्री नाही, रणरणत्या दुपारी दिसली. विहिरीच्या कठड्यावर बसून केस पिळत होती. पाणी ठिबकल्याचा आवाज आला, एकेक थेंब, आणि माझ्या शेजारच्या माणसानं पाय वर घेतले. मुक्या चित्रात मी गप्प राहून जे साधलं होतं, ते त्या थेंबांनी साधलं. मला मत्सर वाटला. मग त्यांनी ती बाई मुळात कोण होती ते दाखवायला घेतलं. तीही चांगली ताकदीची जागा होती. सासरच्यांनी हाकलून दिलेली ओली बाळंतीण. कुशीत पोर, अंगावर भिजलेलं लुगडं. गावातल्या एकेका दारात उभी राहते आणि एकच शब्द म्हणते, "आसरा." दार बंद होतं. पुढच्या दारात जाते, "आसरा." अशी सात दारं. काम करणारी बाई मोठी गुणाची होती. प्रत्येक वेळी तोच शब्द वेगळा म्हणायची, शेवटच्या दारात तर नुसते ओठ हलले. मग ती पोरासकट विहिरीत उतरते.

चित्र हिंदुस्थानीत होतं. मुंबईत मी दोन वर्षं काढलेली, मला सगळं कळत होतं. ती थारा मागत होती. आसरा म्हणजे निवारा, हे आमच्या लोकांना माहीत नाही असं नाही, तेही बोलताना म्हणतात. पण ओल्या केसांची बाई, कुशीत पोर, पाठीमागं पाणी, भर दुपार, आणि एकदा नाही, दोनदा नाही, मोजून सात वेळा "आसरा". नीरेकाठच्या माणसाला तिथं निवारा कसा आठवणार? बायांच्या बाजूनं एक किंकाळी आली, "सातीजनी हायत!" एकीच्या अंगात आलं. दोघी-तिघी पोरं घेऊन पळाल्या. सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं की पडद्यावरची बाई आपलं नाव सांगतेय.

शेजारी पाय वर घेऊन बसलेला माणूस किकवीचा होता, माझ्याकडंच कपडे शिवणारा. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण अक्कानंच केलं होतं आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. त्यानं माझा दंड धरला. "मास्तर, काय म्हंती ती? आपुन आसरा हाय, असं म्हंती का?"

एक वाक्य. एवढंच हवं होतं. उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं असतं तर सगळ्या तंबूनं ऐकलं असतं. मी म्हणालो, "बोलकं चित्र हाय न्हवं? त्यालाच इचारा की." आणि मनातल्या मनात खूश झालो. माझ्याशिवाय यांचं चालत नाही, बघा कसा घोटाळा झाला, असं वाटून मला गुदगुल्या झाल्या. इतकं हलकं मन घेऊन मी कधी बसलो नसेन.

पुढं चित्र कोसळलं म्हणा. भेदरलेल्या माणसांसमोर एक जाड्या नोकर धोतर सावरत पडापडी करायला लागला, कुणीतरी बागेत गाणं म्हटलं, आणि ज्या बाईनं सात दारं ठोठावताना काळीज पिळवटलं होतं, तिच्याच तोंडाला पीठ फासून तिला दात विचकायला लावले. शेवटी एक मांत्रिक आला, लिंबू कापलं, खिळे ठोकले, बाई बाटलीत. जिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं तिला बाटलीत कोंडून सगळे हसत घरी गेले, आणि ज्यांनी दारं लावली त्यांना कुणी जाबसुद्धा विचारला नाही. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. भूत कुठून आलं ते सांगायचंच होतं ना, मग शेवटपर्यंत सांगायचं होतं. तिच्यावर अन्याय झाला एवढं दाखवलं आणि मग तिलाच राक्षसीण ठरवून मोकळे झाले. हे कथानक लिहिणाऱ्याला धरून त्या सात दारांत उभा करायला हवा होता.

असो. चित्राला तोबा गर्दी झाली. मालकानं आठवड्याच्या आत पाटी बदलून त्यावर "साती आसरा" रंगवून घेतलं. ज्यानं मला चित्रच बोलतं म्हणून बसवलं, त्यानं चित्र काय बोलतं ते लोकांकडून शिकून घेतलं.

आणि आता अक्काचं. बाळंतपण उरकलं की सुईणीनं विटाळ धुतल्याशिवाय घरी यायचं नाही, अशी रीत. अक्का नदीवर डोक्यावरून अंघोळ करायची, तिथंच बाळंतिणीची धडोती धुवायची आणि केस मोकळे सोडून चालत यायची, म्हणजे वाटेत वाळतात. वर्षानुवर्षं लोक तिला तशीच येताना पाहत होते. चित्र लागून दहाएक दिवस झाले असतील. पलीकडच्या वाडीतलं काम आटोपून ती ऐन बाराला परत येत होती. ऊन मी म्हणत होतं. वाटेवरच्या एका घराच्या पडवीशी थांबून तिनं हाक दिली, "पोरी, जरा आसऱ्याला बसू का गं?"

त्या घरात चार दिवसांची बाळंतीण होती.

आतून आरडाओरडा झाला. दार लागलं. दाराच्या फटीतून कुणीतरी तिच्या अंगावर मीठमोहऱ्या भिरकावल्या. अक्का घरी आली ती हसतच. "आगं बया, मला म्हंत्यात तू आसरा! माज्यावाचून तिचं पोर तरी आलं आस्तं का?" केसातल्या मोहऱ्या झटकत होती. मी हसलो नाही. हा शब्द कुठून आला ते मला तिच्याआधी कळलं होतं. तिला मात्र मी सांगितलं नाही. चार दिवसांत विसरतील, असं मी स्वतःला समजावलं.

विसरले नाहीत. वाडीतून पोटुशा बाया यायच्या बंद झाल्या. एकीनं ठरवलेलं बोलावणं फिरवलं. ज्या पोरांना तिनं जगात आणलं होतं, त्यांना त्यांच्या आया हाताला धरून दूर न्यायला लागल्या, आणि ते सोसताना मी तिला पाहिलं आहे. ती उगाच झाडलेली जागा पुन्हा झाडत बसायची.

मग बातमी आली की किकवीच्या त्या माणसाची बायको दोन दिवसांपासून आडली आहे आणि घरचे दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन बसलेत. अक्कानं बोलावण्याची वाट पाहिली नाही. मी दुकान बंद केलं, गाडी मिळवली आणि आम्ही गेलो. अंगणात पाऊल टाकताच सासू दारात आडवी झाली. "तितंच थांब. तुज्या पावलानं त्या साती घरात येतील."

अक्का अंगणात उभी राहिली. आतून ओरडणं ऐकू येत होतं. अक्कानं ते दोन घटका ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं सांगायला लागली, "उताणी निजवू नका तिला! गुडघ्यावर बसवा! पोरी, ऐकतीस का, आढ्याची दोरी धर आन् गुडघ्यावर बस! म्या हाय हितं!" आत कुणी तिचं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. अक्षरशः हात जोडले. त्या चित्रातली बाई थारा मागत होती, हिंदुस्थानीत आसरा म्हणजे थारा, तिनं स्वतःला आसरा म्हटलंच नाही, सगळं सांगितलं. पोथी वाचायच्या आवाजात सांगितलं.  तो म्हणाला, "म्या तुमाला इचारलं व्हतं, मास्तर."

तरी त्याचं मन हललं होतं. तो दाराकडं दोन पावलं गेलाही. सासू तिथूनच म्हणाली, "तवा न्हाई सांगितलं. आता भनीवर आलं म्हून सांगतोय." तो थांबला. आणि तिचं चुकलं असं मी कसं म्हणू? तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

दुपार कलताना आतलं ओरडणं थांबलं. पोराचं रडणं ऐकू आलं नाही. अक्का तरीही थोडा वेळ भिंतीशी बोलत राहिली.

त्या बाळंतिणीच्या मरणाला फक्त तो शब्द कारण होता, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. अक्का आत असती तरी ती वाचली असतीच असं नाही. पण अक्का अंगणात होती, आणि ती अंगणात का होती ते मला माहीत आहे.

त्याच संध्याकाळी मी तंबूत गेलो. सात दारांची जागा आली तेव्हा बाकावर चढलो आणि ओरडलो, "आसरा म्हंजी थारा! ती थारा मागतीय! भूत न्हाई ती!" पहिल्यांदा सगळे दचकले. मग मागून शिव्या आल्या. "खाली बसा!" "गप की, मास्तर!" कुणीतरी अगदी काकुळतीला येऊन म्हणालं, "आवं, भ्या वाटंना झालं की!" त्यांनी पदरमोड करून भीती विकत घेतली होती आणि मी ती हिसकावून घेत होतो. दोघांनी धरून मला बाहेर काढलं. पडदा हलत होता, शेवटच्या दारात ती बाई ओठ हलवत होती, आणि पोरंटोरं तिच्यावर खडे मारत होती. दारात मालक भेटला. त्याला भलताच आनंद झाला होता. म्हणाला, "रोज या आणि असंच ओरडा. रंगत येते." मी त्याच्या थोबाडीत दिली. माझ्या आयुष्यात मी मारलेली ती एकच थप्पड. एवढं करून काही झालं नाही, तो गाल चोळत आत गेला आणि खेळ चालू राहिला.

घरी आलो तर अक्का जागीच होती. मी सगळं सांगून टाकलं. तंबूत उभा राहून ओरडलो ते, आणि त्याआधी बसून राहिलो तेही. किकवीच्या माणसाला काय उत्तर दिलं, तेसुद्धा शब्दाला शब्द. ती रागवेल, चार शिव्या देईल, रडेल, अशी मी वाट पाहत होतो. मला तसं हवंच होतं.  ती उठली, फडताळातून नाळ कापायचं आपलं पातं काढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"दुकानात ने," ती म्हणाली. "धागं तोडायला व्हईल तुला."

मी ते घेतलं. नको म्हणायला हवं होतं.